नाईट शिफ्ट, ईएसआयचा दाखला आणि गप्प झालेला ऑपरेटर

भोसरी, चाकण, रांजणगाव, आकुर्डी इथून आलेली पत्रं या अंकात घेतली आहेत. सगळ्यांचा विषय एकच आहे: कारखान्यातलं काम आणि मनाचं दुखणं. उत्तरं औद्योगिक आरोग्य आणि मानसोपचार समाजकार्य या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी दिली आहेत. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, नऊ वर्षं काम करणारा आमचा एक ऑपरेटर दोन महिन्यांपासून गप्प झालाय. डबा एकटाच खातो. चुकीचा ऑफसेट (मशीनला द्यायचं हत्याराचं माप) टाकल्यामुळे त्याचे जॉब दोनदा रिजेक्ट झाले. विचारलं तर "काही नाही साहेब, झोप होत नाही" एवढंच म्हणतो. त्याच्याशी आपणच बोलावं की एचआरला कळवून मोकळं व्हावं?

आधी तुम्हीच बोला. थेट एचआरला कळवलंत तर त्याच्या कानावर एकच गोष्ट जाईल, की साहेबांनी आपली तक्रार केली. मग तो कुणाशीच बोलणार नाही.

बोलायचं कुठे आणि कधी, यावर निम्मं काम होतं. मशीनशेजारी ओरडून बोलावं लागतं, तिथे नको. काचेच्या केबिनमध्ये सगळी लाइन बघत असते, तिथेही नको. शिफ्ट सुटताना तर मुळीच नको, कारण दहा मिनिटांत बस निघणार असते आणि त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. चहाच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास बरा. त्या वेळेपुरतं त्याचं मशीन दुसऱ्याकडे सोपवा आणि "हा अर्धा तास तुझ्या प्रॉडक्शनमध्ये धरणार नाही" हे आधीच सांगा. हे सांगायचं राहिलं, तर तो मनात पीस मोजत बसेल.

सुरुवात जे डोळ्यांनी दिसलं त्यापासून करा. "पंधरा दिवसांत दोन जॉब गेले. ऑफसेटची चूक तुझ्याकडून होत नाही, हे मला माहीत आहे. डबाही एकटा खातोस. काय चाललंय?" एवढं बोलून थांबा. समोरचा गप्प राहिला की आपल्याला राहवत नाही आणि आपण सल्ला द्यायला लागतो. तो मोह आवरा. "टेन्शन घेऊ नकोस", "सगळ्यांच्या घरी असंच असतं", "माझंच बघ" ही तीन वाक्यं बोलणं तिथल्या तिथे संपवतात. झोप, जेवण, घर आणि पैसा या चार गोष्टी विचारा. पैशाचं जरूर विचारा. पतसंस्थेचा हप्ता, गाडीचा ईएमआय, मोबाईलवरच्या ॲपचं कर्ज आणि मित्राकडून घेतलेले हातउसने, असं सगळं एकदम अंगावर आलेलं असतं आणि वसुलीचे फोन शिफ्टमध्येही येत असतात.

निदान करणं तुमचं काम नाही, पण एक खूण लक्षात ठेवा. उदासपणा किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. आपल्याकडचा कामगार "मला उदास वाटतं" असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो की डोकं जड आहे, हातपाय गळतात, ॲसिडिटी होते, पाठ धरते. मेडिकल रूममध्ये मग त्याला अँटासिड मिळत राहतं. डॉक्टरकडे गेल्यावर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगा. त्यांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो.

एक प्रश्न थेट विचारावा लागतो : "जगणं नकोसं झालंय का? जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. मात्र "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नका. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला एखाद्याला सांगावं लागेल, बाकी माझ्यापाशीच राहील," असं स्पष्ट बोला. उत्तर "हो" आलं, तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही आणि कंपनीच्या बसने एकटं घरी पाठवायचं नाही. तो सांगेल त्या घरच्या माणसाला बोलावून घ्या. ठरवून ठेवल्यासारखं काही बोलला, तर त्याच दिवशी पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्याचं ससून रुग्णालय गाठा आणि अपघात विभागात सोबत कुणीतरी थांबा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पोलीस केसच्या भीतीने घरचे लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला उपचार द्यायचे, हे त्यांना सांगा.

आता कामाचं. दोन-तीन आठवडे त्याला सेटिंगऐवजी रनिंग जॉब, म्हणजे आधीच लावून दिलेलं चालू काम, द्या, ओव्हरटाइम बंद ठेवा आणि नाईट टाळा. पॅकिंगला किंवा झाडलोटीला मात्र टाकू नका. शॉपमध्ये त्याचा अर्थ शिक्षा असाच घेतला जातो आणि तोही तसाच घेईल. शिफ्ट बुकात "प्रकृतीमुळे रनिंग जॉब दिला" एवढंच लिहा. "डिप्रेशन" हा शब्द बुकात नको. ते बुक पुढच्या शिफ्टचे सगळे चाळतात.

प्रश्न : चाकणला ठेकेदाराकडे काम करतो. हातात १८ हजार पडतात, ईएसआय कापला जातो. खासगी मानसोपचारतज्ज्ञाने एक महिना विश्रांती लिहून दिली आहे. ती चिठ्ठी कंपनीत दिली तर सगळ्यांना कळेल, नाही दिली तर पगार जाईल. काय करू?

खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन थेट कंपनीत जाऊ नका. ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, पैसे त्या चिठ्ठीवर मिळत नाहीत. ती चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन तुमच्या नावावर लागलेल्या ईएसआय दवाखान्यात किंवा पॅनेलच्या डॉक्टरकडे जा. ते तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरवतील. चिंचवडला मोहननगरचं आणि पुण्यात बिबवेवाडीचं अशी ईएसआयची दोन रुग्णालयं या भागात आहेत. आजारपणाचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो आणि तो पहिल्याच दिवसापासून लागतो. आठ दिवस घरी झोपून मग दाखला मागायला गेलात, तर मागच्या तारखेचा मिळवताना नाकीनऊ येतात. आजारी माणूस नेमका पहिल्या दिवशी उठू शकत नाही, हे खरं आहे. म्हणून भाऊ, बायको, खोलीतला मित्र, जो असेल त्याने त्याला धरून न्यावं.

पैशाचा हिशोब असा. आजारपणाचा लाभ सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के असतो. वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. १८ हजार आणि तीस दिवस धरले तर रोज ६०० रुपये होतात, त्याचे ७० टक्के ४२०. तीस दिवसांच्या रजेतले २८ दिवस धरले तर ११,७६० रुपये हाती येतात. हे पैसे ठेकेदार देत नाही, ईएसआय तुमच्या बँक खात्यात टाकतं. त्यामुळे खात्याची माहिती आणि आधार जोडलेलं आहे का, ते आजच बघा.

अट एकच आहे, पण तुमच्यासारख्यांना तीच नडते. संबंधित सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. ठेकेदार सात महिन्यांनी "ब्रेक" देतो, नंतर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर घेतो, आणि नवा माणूस घाईत नवा विमा क्रमांक काढतो. तिथे तुमची साखळी तुटते. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नोकरी बदलली की जुना क्रमांक आग्रहाने द्या. दोन झाले असतील तर शाखा कार्यालयात अर्ज देऊन एक करून घ्या.

आजार लांबला तर आणखी एक तरतूद आहे, ती फार कमी जणांना ठाऊक असते. ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसाद म्हणजे मॅनिक डिप्रेसिव्ह आजार आणि एंडोजिनस डिप्रेशन म्हणजे आतून येणारं तीव्र नैराश्य आहेत. ९१ दिवस संपल्यावर अशा आजारासाठी ८० टक्के दराने, तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. त्यासाठी सलग दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि मागच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. नुसती झोप न येणं किंवा साधी चिंता या यादीत बसत नाही. म्हणून ईएसआयच्या तज्ज्ञाकडे निदान नेमक्या शब्दांत लिहून घ्या.

राहता राहिला गुप्ततेचा प्रश्न. रजेच्या अर्जावर "वैद्यकीय कारण" एवढं पुरे. डॉक्टर तुमची माहिती संमतीशिवाय कंपनीला देऊ शकत नाहीत. कायद्याने ती गोपनीय आहे. पण तुम्ही क्रेन, फोर्कलिफ्ट किंवा उंचीवरचं काम करत असाल, किंवा गोळ्यांनी झापड येत असेल, तर कंपनीच्या डॉक्टरला एक गोष्ट कळलीच पाहिजे : कोणतं काम सध्या नको. परत येताना फिटनेसच्या दाखल्यावर आजाराचं नाव न लिहिता "चार आठवडे फोर्कलिफ्ट आणि रात्रपाळी नको" असं लिहून घ्या. त्यातून कंपनीला हवं ते कळतं, जास्तीचं कळत नाही.

आजारपणाचा लाभ घेत असताना कामावरून काढायला जुन्या ईएसआय कायद्याच्या ७३व्या कलमाने मनाई केली होती (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). ठेकेदार मात्र काढत नाही, गेटपासच वाढवत नाही. म्हणून रजेचा अर्ज आणि दाखल्याची प्रत व्हॉट्सॲपवरही पाठवा. तारीख आणि वेळ आपोआप राहते आणि निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट पुढे कामाला येतो.

प्रश्न : माझे यजमान आकुर्डीच्या कंपनीत पर्मनंट आहेत. नाईट करून आले की सकाळी झोप लागावी म्हणून दारू घेतात, आता दुपारीही लागते. न घेतल्यास हात थरथरतात. परवा म्हणाले, "उद्यापासून एकदम बंद." माझ्या जावेने दारू सोडवायच्या गोळ्या आणल्यात, न सांगता भाजीत घालायच्या. घालू का?

ताई, घालू नका. त्या गोळ्यांमध्ये बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छातीत धडधड होते, रक्तदाब एकदम उतरतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. ही गोळी देताना शेवटच्या घोटाला निदान बारा तास झालेले असावे लागतात, हृदयाची आणि यकृताची तपासणी झालेली असावी लागते, आणि माणसाला माहीत असावं लागतं. गोळी थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे तिचा परिणाम राहतो, मग खोकल्याच्या औषधातला अल्कोहोलही त्रास देऊ शकतो. भाजीत घालून यातलं काहीच होत नाही. शिवाय उघडकीला आलं, की नवरा घरचं जेवण सोडतो. हेही नेहमीचंच.

"उद्यापासून एकदम बंद" हे ऐकायला गोड वाटतं, पण सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाच्या बाबतीत तेही धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो : वेळ-काळ समजत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. याला डिलिरियम म्हणतात आणि ते जिवावर बेतू शकतं. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी सोडवायचा विचारही नको. दवाखान्यात डॉक्टर झापड आणणारं औषध पाच-सात दिवस कमी-कमी करत देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ देतात. एक चूक वारंवार होते. घराजवळच्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवतात. बराच काळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं. त्याला आधी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. "रोज किती आणि किती वर्षं घेतात" हे डॉक्टरला लाज न बाळगता खरं सांगा, म्हणजे ही चूक टळते.

शरीरातून दारू निघणं हा पहिला आठवडा. पुढचे महिने अवघड असतात. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या सभा पिंपरी-चिंचवडमध्येही भरतात, तिथे पैसे लागत नाहीत. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी ॲल-ॲनॉन आहे, ते तुमच्यासाठी. यजमान जावोत न जावोत, तुम्ही जा.

मुळात प्रश्न झोपेचा होता, हे विसरून चालणार नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण दोन-तीन तासांनी झोप तुटते आणि राहिलेली झोप उथळ होते. दुपारी त्यांना परत का लागते, त्याचं एक कारण हे. उपचारानंतर तीच नाईट सुरू झाली तर घसरण ठरलेली. डिस्चार्जच्या वेळी "तीन महिने रात्रपाळी नको" अशी चिठ्ठी मागून घ्या. आणि गेटवर तपासणीत सापडण्याआधी उपचार सुरू झालेले बरे. कामावर नशेत सापडणं हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन धरतात. एकदा चार्जशीट निघून खातेचौकशी बसली, की आजाराचं बोलणं कुणी ऐकत नाही. युनियनच्या माणसाला आधी विश्वासात घेतलं तर तो रजेचं नीट जमवून देतो.

प्रश्न : रांजणगावच्या प्लांटमध्ये एचआर पाहतो. ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ अशा शिफ्ट दर आठवड्याला बदलतात : नाईट, मग सेकंड, मग फर्स्ट. चिडचिड आणि भांडणं वाढलीत, नाईटची गैरहजेरीही. काउन्सेलर नेमावा का?

नेमा, पण आधी रोस्टर उलटं करा. तुमचा क्रम घड्याळाच्या विरुद्ध फिरतो. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. फर्स्ट, सेकंड, नाईट असा क्रम लावला तर दर आठवड्याला झोप पुढे सरकते.

तुमच्या क्रमातला सगळ्यात वाईट सांधा सेकंडकडून फर्स्टकडे येण्याचा आहे. साप्ताहिक सुट्टी मध्ये पडली तर ठीक. पण ओव्हरटाइमसाठी सुट्टी खाल्ली की रात्री ११ ला सुटलेला माणूस सकाळी ७ ला हजर हवा असतो. आठ तासांचं अंतर दिसतं. हडपसरचा माणूस असेल तर जायला दीड तास, यायला दीड तास. उरले पाच. त्यात जेवण, अंघोळ. झोप चार तास. दोन शिफ्टमध्ये किमान अकरा तासांचं अंतर हा नियम सॉफ्टवेअरमध्येच टाका, म्हणजे लाइन लीडरला फोनवर कुणाला पटवता येणार नाही. नाईट संपते त्या सकाळपासून सुट्टी मोजू नका. ७ ला सुटलेल्या माणसाची ती सुट्टी झोपण्यातच जाते. त्याला मध्ये दोन पूर्ण रात्री मिळायला हव्यात.

पहाटे ३ ते ५ या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा तळाला असतो. डाय बदलणं, टाकीत उतरणं, पॅनेल उघडणं ही कामं त्या दोन तासांत ठेवू नका. कँटीनमध्ये रात्री २ ला तर्रीची मिसळ आणि वडे असतील तर ते बंद करा. उपमा, दही-भात, अंडी, केळं चालेल. चहा ३ च्या पुढे नको, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच तासांनीही अंगात असतं आणि माणसाला ८ ला झोपायचं असतं. पहाटे वीस मिनिटांची डुलकी अधिकृत करा. लोक ती आत्ताही घेतात, फक्त कार्टनच्या मागे. उठल्यावर पंधरा मिनिटं मशीन हातात द्यायचं नाही, तेवढा वेळ गुंगी असते. नाईटवाल्यांना नगर रस्त्यावर दुचाकीने जाऊ देऊ नका, बस द्या.

आणि खोल्यांकडे बघा. बाहेरगावची मुलं शिक्रापूर-कारेगावात एका खोलीत पाच-सहा जण राहतात. प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. एक झोपला की दुसरा कुकर लावतो, तिसरा व्हिडिओ बघतो. एका खोलीतल्या मुलांना एकाच शिफ्टला टाकलंत तर एक रुपया खर्च न होता प्रत्येकाची झोप वाढते. हे काउन्सेलरला करता येत नाही, तुम्हाला येतं.

प्रश्न : फाउंड्रीत फर्नेसवर आहे. बायपोलरसाठी (उन्माद-अवसादाच्या आजारासाठी) लिथियमची गोळी चालू आहे. उन्हाळ्यात हात जास्त थरथरतात. गोळी सोडू का?

एकदम सोडू नका, आजार उसळतो. पण हे गंभीरपणे घ्या. घामातून पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन पातळी तपासा. साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान असावी, तुमच्यासाठी नेमकी किती ते डॉक्टर ठरवतील. एप्रिल-मे मध्ये तपासणी जास्त वेळा करा. हाताची मोठी थरथर, जुलाब, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यांनीही पातळी वाढते. निर्जळी उपवास नको, आणि एकदम मीठ तोडणंही नको. "भट्टीजवळ काम नको" अशी चिठ्ठी डॉक्टरकडून घ्या. मोल्डिंग किंवा तपासणीच्या बाकावर बदली मागायला एवढं कारण पुरेसं आहे.

प्रश्न : आमच्या प्रेस शॉपमध्ये गेल्या आठवड्यात एका मुलाची दोन बोटं गेली. सोबतचे तिघे कामावर येतात पण बोलत नाहीत. कंपनीने सगळ्यांना हॉलमध्ये बसवून "मोकळं व्हा" असं सांगितलं. बरोबर आहे का?

नाही. जे पाहिलं ते सगळ्यांसमोर परत सांगायला लावल्याने फायदा होत नाही, काहींचा त्रास वाढतो. पहिल्या दिवसांत साध्या गोष्टी हव्यात : जखमी मुलाची रोज खरी बातमी, भेटायला जायला पगारी वेळ, घरी एकटं न पडणं. आणि प्रेसवरचं रक्त त्याच टोळीकडून धुऊन घेणं, हे तर कधीच नको. ज्याला बोलायचं असेल त्याचं एकट्याचं ऐका.

तिघांतला सेटर, म्हणजे प्रेस जुळवून देणारा, कोण होता, ते बघा. प्रॉडक्शनसाठी लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारं सुरक्षा साधन) बायपास केलेला, म्हणजे बंद करून ठेवलेला, असेल तर सगळा दोष तो स्वतःकडे घेतो, आणि त्याच्यावर आधी लक्ष हवं. बायपास करायला कुणी सांगितलं होतं, हे चौकशीत लिहिलं गेलं नाही तर कितीही समुपदेशन करा, तो सावरणार नाही. दुरुस्त न केलेल्या त्याच प्रेसवर त्यांना उभं करून "आता विसरा" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. गार्ड बसवा, त्यांच्यासमोर चाचणी करा, मगच उभं करा, तेही ज्याची तयारी आहे त्याला.

दचकणं, स्वप्नं, तो आवाज कानात घुमणं पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि कमी होत जातं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा प्रेसच्या दिशेने जाताना पाय थांबत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ. जखमी मुलाला ईएसआयकडून तात्पुरत्या अपंगत्वाचे ९० टक्के मिळतात, त्याला ७८ दिवसांची अट नाही. अपघाताची नोंद कंपनीने वेळेत केली का, ते त्याच्या घरच्यांनी आजच विचारावं.

प्रश्न : जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, १० ऑक्टोबरला, कामगारांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवायचं आहे. वक्ता सुचवाल का?

सुचवत नाही. तासभराच्या भाषणासाठी तीनशे माणसं लाइनवरून उठवली, की तो तास संध्याकाळी ओव्हरटाइमने भरून काढतात आणि दिवस तिथेच संपतो. त्या पैशात सुपरवायझर आणि लाइन लीडरना वीस-वीसच्या तुकड्यांत अर्धा-अर्धा दिवस बसवा. पहिल्या प्रश्नात सांगितलेलं संभाषण त्यांच्याकडून एकमेकांशी करून घ्या. "जीव द्यायचा विचार येतो का?" हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून काढताना जीभ अडखळते. ती तिथे अडखळू द्या, शॉपमध्ये नको. काउन्सेलर येत असेल तर कंत्राटी आणि अप्रेंटिस मुलांनाही त्याच्याकडे जाता येतं, हे लेखी काढा. भेटीची नोंद एचआरच्या फाइलला जाणार नाही, तेही लेखी. त्याची खोली टाइम ऑफिससमोर नको.

१४४१६ चे स्टिकर छापा. नोटीस बोर्डावर लावू नका, तिथे उभं राहून नंबर टिपून घेताना सगळे बघतात. शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.